उजव्या चौकटीवरचं पितळ

दीना गेली ते मला एका अनोळखी माणसानं कानडीत सांगितलं.

मी बंगळुरात, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये होतो. ग्राइंडर चालू होता, म्हणून फोन वाजून गेला तरी ऐकू आला नाही. पुन्हा खिशात थरथरला तेव्हा बाहेर आलो. स्क्रीनवर दीनाचं नाव होतं. मी म्हटलं, "काय गं, आता काय विसरलीस?"

तिकडून पुरुषाचा आवाज आला. "सार, निम्म मनेयवरा?"

तुमच्या घरच्या का, असं तो विचारत होता. के. आर. पुरम स्टेशनच्या जिन्यावर त्या दम खायला बसल्या आणि उठल्याच नाहीत, असं त्यानं सांगितलं. जुन्या टेलिफोन कारखान्यातल्या मैत्रिणीकडे ती निघाली होती. मी पोचलो तेव्हा तो माणूस हॉस्पिटलच्या दारात तिची पर्स दोन्ही हातांनी धरून उभा होता. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरवर माहिती भरत होती. नाव, वय, पत्ता. मग म्हणाली, "धर्म?"

"यहुदी."

तिनं स्क्रीनवर वरखाली पाहिलं. "असं येत नाही सार. इतर टाकू?"

"टाका."

मी अक्षराला, म्हणजे आमच्या मुलीला, आणि ठाण्याला दीनाच्या भावाला, हायमला, फोन केला. दीनाला घेऊन घरी आलो तेव्हा यशवंतपूरच्या आमच्या बिल्डिंगखाली सगळी तयारी झालेली होती. बांबू आणले होते, मडकं होतं, फुलं होती. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या कावेरीअक्का तांदूळ घेऊन उभ्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरचे पुरुषोत्तमराव, सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले, फोन कानाला लावून सगळ्यांना कामं सांगत होते. मला बघून जवळ आले, खांद्यावर हात ठेवला.

"पिराजीराव, काळजी करू नका. विद्युतदाहिनीत पाचचा स्लॉट मिळालाय."

मी म्हटलं, "तिला पुरायचं आहे."

"तुम्ही बसा आधी. पाणी आणा रे कुणीतरी."

"मी शुद्धीवर आहे पुरुषोत्तमराव. ती यहुदी होती. अलिबागकडच्या बेने इस्राएल लोकांतली. म्हैसूर रोडला त्यांचं कब्रस्तान आहे. उद्या सकाळी, तिचा भाऊ आल्यावर."

कावेरीअक्कांनी तांदळाचं ताट हळूच मागे घेतलं आणि मला विचारलं, "मग आम्ही काय आणू अण्णा?"

बिल्डिंगला त्या दुपारी दोन गोष्टी एकदम कळल्या. त्यातली दुसरी, ती यहुदी असल्याची, आम्ही लपवली होती असं नाही. कुणी विचारलं नव्हतं. दीना नऊवारी-पाचवारी दोन्ही नेसायची, मंगळसूत्र घालायची. तिच्या लोकांत घालतात. कुंकू लावायची नाही, ते लोकांना मॉडर्न वाटायचं. मी निपाणीचा, ती वाकरूळकरांची. माझी मराठी ऐकून ती हसायची आणि तिची ऐकून माझी आई म्हणायची, पोरगी किती शुद्ध बोलते. आम्ही दोघं त्याच टेलिफोन कारखान्यात भेटलो. लग्न कोर्टात केलं. तिनं तिचं सोडलं नाही, मी माझं सोडलं नाही. नाव दीना. ते सगळीकडे चालतं.

सकाळी हायम आला. मोठ्यानं म्हणायच्या प्रार्थनेला त्यांच्यात दहा पुरुष लागतात. शहरात फोन करकरून सहा जमले. मी सातवा उभा राहिलो, तर हायम माझा हात धरून हळू म्हणाला, "भाऊजी, तुम्ही मोजण्यात येत नाही हो." त्याला ते बोलताना जड गेलं. मला राग नाही आला. मला फक्त वाटलं, इतकी वर्षं बरोबर राहून मला हे माहीत कसं नाही. मग वाटलं, आणखी काय काय माहीत नसेल.

त्यानंतरच्या दिवसांत लोक भेटायला यायचे आणि प्रश्न विचारायचे. मला ते बरं वाटायचं. नुसतं बसून राहण्यापेक्षा उत्तर देणं सोपं जातं. मटणात दही घालत नव्हत्या ते त्यामुळे का? हो. शुक्रवारी दिवा लावायच्या तो कशाचा? शनिवारच्या सुटीचा. आणि कावेरीअक्कांनी विचारलं, "दारावरची ती पितळेची पेटी? मी तर ती जुनी बेल समजत होते."

बेल सगळेच समजायचे. कुरिअरवाले ती दाबून दाबून दमायचे. तिला मेझुझा म्हणतात. आत चामड्याच्या पातळ कागदावर हातानं लिहिलेली प्रार्थना असते. आत शिरताना उजव्या हाताच्या चौकटीवर लावतात. हा फ्लॅट घेतला तेव्हा तो कागद दीनानं ठाण्याहून आणवला आणि पेटी मी बनवली. बोटाएवढी पितळी नळी, दोन्ही टोकांना बूच. दीना जाता-येता तिला बोट लावायची आणि ते बोट ओठांना. तिच्या बोटानं एका जागी पितळ कायम चकचकीत राहायचं, बाकीचं काळवंडायचं. ती गेल्यावर तो चकाकता ठिपका हळूहळू मंद व्हायला लागला. मी रोज बघायचो.

मग तिकडे इस्राएलात युद्ध सुरू झालं.

आमच्या भागातल्या मराठी घरांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. गणपती, कोजागरी, कुणाकडे डोंबिवलीहून फरसाण आलं, असलं चालतं. पहिल्या आठवड्यात एकानं मला उद्देशून लिहिलं, "वहिनींचे लोक शूर! त्या लोकांना बरोबर सरळ करतात. आपणही शिकलं पाहिजे." खाली टाळ्या. मी काही लिहिलं नाही. दीना असती तर काय म्हणाली असती ते मला माहीत होतं. कुणाचीही पोरं मेलेली टीव्हीवर दिसली की ती उठून बटण बंद करायची आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची.

काही महिन्यांनी वारं फिरलं. पुरुषोत्तमरावांनी एक लांब मेसेज टाकला. जगातल्या बँका, वर्तमानपत्रं, औषधाच्या कंपन्या मूठभर यहुद्यांच्या ताब्यात आहेत. ज्या देशात राहतात तो देश आतून पोखरतात. म्हणून कुठल्याच देशानं त्यांना टिकू दिलं नाही. पुढे बरंच. खाली चारपाच अंगठे आणि हात जोडलेले.

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. मला खरोखर समजून घ्यायचं होतं. वाकरूळकरांच्या ताब्यात काय होतं ते मला माहीत होतं. सासऱ्यांच्या ताब्यात रेल्वेचं क्वार्टर होतं. हायमच्या ताब्यात ठाण्यात चष्म्याचं दुकान आहे, तेही भाड्याचं. दीनाच्या ताब्यात मी होतो.

संध्याकाळी पुरुषोत्तमराव खाली फेऱ्या मारतात. मी त्यांच्याबरोबर चालायला लागलो.

"तो मेसेज तुम्ही वाचून पाठवला का?"

"कुठला? अहो, रोज पन्नास येतात. इंटरेस्टिंग वाटला, केला फॉरवर्ड."

"त्यात दीना आहे."

"छे छे!" ते थांबले. "वहिनींचा काय संबंध? वहिनी आपल्या होत्या. हे ग्लोबल लेव्हलचे लोक वेगळे."

"त्यातला एखादा तुम्ही बघितलाय?"

"म्हणजे?"

"भेटलाय का कुणाला? नाव सांगा एखादं."

ते हसले. "तुम्ही अगदी मालात खोट निघाल्यासारखं विचारता हो."

"मी दीनाला ओळखतो, तिच्या माणसांना ओळखतो. तुम्ही दुसरे कुणी ओळखत असाल तर मला ऐकायचंय. म्हणून विचारलं."

"जाऊ द्या हो पिराजीराव. तुम्ही दुःखात आहात."

हे वाक्य मला नंतर बऱ्याच जणांनी ऐकवलं. माणूस दुःखात असला की त्यानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागत नाही, असं दिसतं.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर मेझुझावर काळी टेप. वायरवर गुंडाळतात ती. वरपासून खालपर्यंत झाकली होती. मी चष्मा लावून नीट पाहिलं. टोकं कात्रीनं कापलेली होती, दातानं तोडलेली नव्हती. कुठे सुरकुती नव्हती. ज्यानं लावली त्यानं घाई केली नव्हती, आणि कात्री घरून आणली होती. मी पीण्यात अनेक पोरांना काम शिकवलंय, पण इतकं स्वच्छ काम फार थोड्यांचं बघितलंय.

मी टेप काढत होतो तेव्हा अक्षरा मागे येऊन उभी राहिली. ती माझ्याबरोबरच राहते, व्हाइटफील्डला नोकरी करते.

"पप्पा, काढून टाका ना."

"काढतोय की."

"टेप नाही. पेटी."

मी वळलो. ती ऑफिसला निघालेली होती, पाठीला बॅग.

"आई होती तोवर ठीक होतं," ती म्हणाली. "आता कुणासाठी? ऑफिसमध्ये एकानं मला विचारलं, तुमच्या लोकांना अजून किती मारायचेत? माझे लोक! मी निपाणीच्या पलीकडे कुठे गेलीय? मी आता आईचं आडनावच सांगत नाही कुणाला."

"मग ते चुकलं कुणाचं?"

"त्यांचंच. मला कळतं ते. पण रोज सकाळी दार उघडून आज काय चिकटवलंय ते बघायला मला जमणार नाही. आईचीच आहे ती, म्हणून जमणार नाही."

तिचं बरोबर होतं. पण पेटी काढायला माझा हात जाईना. काढली असती तर ज्यानं टेप लावली त्याचं काम मीच पुरं केलं असतं.

आठवडाभरात असोसिएशनचे सेक्रेटरी नागराज घरी आले. भला माणूस. पाण्याच्या टँकरसाठी पहाटे उठून उभा राहतो. त्यांनी खुर्चीच्या कडेवर बसून सांगितलं, "पिराजी सार, स्वल्प अॅडजस्ट माडी, थोडं जमवून घ्या. ती पेटी दाराच्या आतल्या बाजूला लावा. सेक्युरिटीचा विषय आहे. उद्या बिल्डिंगवर कुणाचं लक्ष गेलं तर?"

"कोण म्हणतं असं?"

"जनरल. सगळे."

"सगळ्यांत तुम्ही आहात?"

त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ, म्हणाले.

रविवारी मीटिंगच्या आधी मी लिफ्टनं वर गेलो आणि जिन्यानं प्रत्येक मजल्यावर थांबत खाली आलो. कुणाच्या दारावर काय आहे ते मी इतक्या वर्षांत कधी बघितलंच नव्हतं. आंब्याची पानं, टाइलचा गणपती, लिंबू-मिरची, एक क्रूस, एका दारावर डोळे वटारलेला राक्षस. मुसलमान दार एकही नाही. ते का नाही ते मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर एक डॉक्टर जोडपं भाड्यानं येणार होतं. मीटिंगमध्ये त्यांचं नाव वाचून झाल्यावर नको ठरलं. एकट्या दीनानं उठून कारण विचारलं होतं. कुणी दिलं नाही. घरी आल्यावर मी म्हटलं, कशाला उठलीस, व्हायचं ते होणारच होतं. ती म्हणाली, "मला बघायचं होतं, विचारल्यावर कोण कोण खाली बघतं."

मीटिंग पार्किंगमध्ये होते, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. कानडी, हिंदी, इंग्रजी, ज्याला जे सुचेल ते. अक्षरा मागे खांबाला टेकून उभी होती. येणार नाही म्हणाली होती, पण आली. नागराजनी विषय वाचला, "कॉमन एरियातल्या धार्मिक वस्तू."

मी हात वर केला. "सगळ्या?"

"म्हणजे सार, जनरल..."

कावेरीअक्का म्हणाल्या, "माझ्या दारावर लिंबू-मिरची आहे. ती आत लावू? आतून दृष्ट लागते का?"

लोक हसले. एक जण म्हणाला, "राक्षसाला पण आत घ्या, त्याला थंडी वाजते."

पुरुषोत्तमराव उठले. "मस्करी नको. पिराजीरावांबद्दल सगळ्यांना सहानुभूती आहे. पण सध्याच्या इंटरनॅशनल सिच्युएशनमध्ये ते चिन्ह म्हणजे एक स्टेटमेंट होतं. इथे कुणाला कुठल्या बाजूला उभं राहायचं नाही."

मला भाषण करता येत नाही. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो.

"ते चिन्ह इथे पहिल्या दिवसापासून आहे," मी म्हटलं. "तुम्ही सगळ्यांनी ते बेल म्हणून दाबलंय. तेव्हा ते स्टेटमेंट नव्हतं. दीना या बिल्डिंगमध्ये अठरा वर्षं राहिली. कुणाचं बाळंतपण, कुणाची परीक्षा, ती जायची. ती गेली तेव्हा तुम्ही सगळे खाली बांबू घेऊन उभे होता, ते मी विसरणार नाही. मला एकच कळत नाही. ती कोण ते माहीत नव्हतं म्हणून ती तुम्हाला आवडत होती, की माहीत असतं तरी आवडली असती? मी टोमणा मारत नाही. मला माहीत नाही, म्हणून विचारतो."

मी बघत होतो. नागराज खाली बघत होते. राक्षसवाला खाली बघत होता. पुरुषोत्तमराव समोर बघत होते, पण माझ्याकडे नाही.

मी पुढे बोललो. "युद्धात कोण बरोबर, कोण चूक, ते मला इथे बोलायचं नाही. दीना पण पोरं मेलेली बघून रडायची, दोन्हीकडची. पण ग्रुपवर जे आलं ते युद्धाबद्दल नव्हतं. हे लोक जिथे राहतात तिथे पोखरतात, असं होतं. ती इथे राहत होती. काय पोखरलं, ते सांगा."

"आम्ही वहिनींबद्दल नाही..." पुरुषोत्तमराव म्हणाले.

"माहीत आहे. तिला वगळून बाकी सगळे, असंच ना? प्रत्येक जण आपल्या ओळखीच्या एकाला वगळतो. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांना वगळायला इथे कुणी ओळखीचं नव्हतं, म्हणून ते आलेच नाहीत."

आता कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "ते आता कशाला काढता?"

नागराज घाईनं उठले. "बिडी सार, बिडी, सोडून द्या. पेटी आहे तिथे राहू दे. स्पेशल केस म्हणून परवानगी. सरी, ठीक आहे?"

टाळ्या वाजल्या. लोकांना मोकळं वाटलं, खुर्च्या सरकायला लागल्या. मी अजून उभाच होतो.

"मला परवानगी नको. एक वाक्य पाहिजे. नोटीस बोर्डावर. ग्रुपवर यहुदी लोकांबद्दल जे पाठवलं ते खोटं होतं आणि दारावर टेप लावणं चूक होतं. एवढंच."

"म्हणजे मी माफी मागायची?" पुरुषोत्तमराव म्हणाले. "या वयात? एका फॉरवर्डसाठी?"

"तुमचं नाव नको. माफी नको. खोटं होतं, एवढंच."

"लिगली बघावं लागेल," कुणीतरी म्हणालं. "कमिटी विचार करेल," नागराज म्हणाले. मीटिंग संपली. कावेरीअक्का जाताना माझ्या दंडाला हात लावून गेल्या. दारापाशी आल्यावर अक्षरानं पेटीकडे बघितलं आणि म्हणाली, "स्पेशल केस!" आणि आत गेली.

पुढच्या महिन्यात हायम आला, कबरीचा दगड बसवायला. आल्या आल्या दारात थांबला, पेटीला बोट लावून ओठांना लावलं आणि तसाच उभा राहून विचारलं, "भाऊजी, आता घरात कोण कोण असणार?"

"मी आणि अक्षरा. का?"

"काही नाही. तुम्ही एकटे असता तर ही काढून न्यावी लागली असती. घरात यहुदी माणूस राहत नसेल तर ठेवत नाहीत."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. "अरे, हिच्यासाठी मी अख्ख्या बिल्डिंगशी भांडलो."

"भांडलात ते बरोबरच केलंत. पण ती तुमची नाही. हिची आहे." त्यानं अक्षराकडे बोट केलं.

अक्षरा चहा घेऊन येत होती. "माझी? माझा काय संबंध मामा?"

"आईकडून येतं आमच्यात. तुझी आई यहुदी, म्हणजे तू यहुदी."

"मला कुणी विचारलं का?"

"मला पण नव्हतं विचारलं," हायम म्हणाला. "नाक दे, चहा दे, धर्म दे, सगळं आईनंच दिलं."

ती हसली नाही. ट्रे तसाच हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पुरुषोत्तमकाकांनी तो मेसेज माझ्याबद्दल पाठवला. त्यांच्या नातीला मी दहावीला गणित शिकवलं. त्यांच्या घरी बसून. काकूंनी मला शिरा दिला होता." ती थांबली. "आणि मी इतके दिवस समजत होते, तो आईबद्दल आहे."

हायमनं चहा घेतला आणि पेटीकडे वळला. वरून, खालून, बोटानं चाचपली. "भाऊजी, ही उघडते कुठून?"

"उघडत नाही."

"म्हणजे?"

"प्रेस फिट आहे. भोकापेक्षा बूच किंचित मोठं ठेवून दाबून बसवलंय. पावसाचं पाणी आत जायला नको म्हणून."

"अरे देवा! ती मधूनमधून उघडून तपासावी लागते. आतलं एक अक्षर जरी उडालं असेल तर चालत नाही. दीनानं सांगितलं नाही?"

"नाही." मला खरंच आश्चर्य वाटलं. अठरा वर्षं ती रोज तिला हात लावत होती. "का बोलली नसेल?"

हायमनं पेटीवरून बोट फिरवलं. "फोनवर मला सांगितलं होतं तिनं. ह्यांनी अशी बसवलीय की बॉम्ब टाकला तरी उघडणार नाही, म्हणाली. हसत होती. मला वाटलं, नंतर उघडून घेतली असेल."

दुसऱ्या दिवशी सुटी होती. आम्ही तिघं पेटी घेऊन पीण्याला गेलो. शॉप बंद, गल्लीत कुणी नाही. मी नळी लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, हलक्या हातानं धरली, जबड्यांना कागद लावून, आणि बुचाच्या अगदी कडेनं थोडं थोडं कापत गेलो. मशीन मी हातानंच फिरवलं. करंट लावायची भीती वाटली. अक्षरा माझ्या खांद्यावरून बघत होती. लहानपणी यायची तेव्हा अशीच उभी राहायची आणि मी तिला मागे हो म्हणायचो. आज म्हटलं नाही.

बूच निघालं. हायमनं हात पुसून आतली गुंडाळी काढली, खिडकीपाशी नेली आणि उलगडली. काळी बारीक अक्षरं, दाट, ओळीत. तो एकेक ओळ बोटानं, न टेकवता, बघत गेला.

"काय?" मी विचारलं.

"ठाण्यात दोन पावसाळ्यांत शाई सुटते. ही बघा. काल लिहिल्यासारखी." तो माझ्याकडे वळला. "पद्धत चुकली तुमची, भाऊजी. पण काम चोख आहे. तरी जाणकाराला दाखवून परत पाठवतो."

अक्षरानं विचारलं, "काय लिहिलंय यात?"

त्यानं पहिली ओळ वाचून दाखवली. ती दीनाच्या तोंडची मला ओळखीची होती, रात्री झोपताना डोळ्यांवर हात ठेवून म्हणायची ती. अर्थ मी कधी विचारला नव्हता. आता विचारला, त्यानं सांगितला. मग अक्षरानं पुढच्या ओळीचा विचारला, आणि त्याच्या पुढच्या. बराच वेळ ते दोघं खिडकीत उभे होते. मी तेवढ्यात नळीच्या टोकाला आतून आटे पाडले आणि पितळेचं नवं बूच केलं, हातानं फिरवून उघडेल असं.

महिन्याभरानं कागद ठाण्याहून परत आला. हायमनं सांगितलं होतं की लावताना आशीर्वाद जिची आहे तिनंच म्हणायचा. अक्षरा फोनवरून शिकली, मराठी अक्षरांत लिहून घेऊन. मी म्हटलं, "काढायची होती ना तुला?"

"होती," ती म्हणाली. "तेव्हा मला वाटत होतं तुम्ही आईची आठवण म्हणून अडून बसलाय. आठवण कपाटात पण ठेवता येते." तिनं स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. "ही माझी आहे तर बाहेरच राहील. टेप लावली तर मी काढीन."

तिनं ते शब्द अडखळत म्हटले आणि स्क्रू आवळले. कावेरीअक्का त्यांच्या दारातून बघत होत्या. झाल्यावर त्यांनी विचारलं, "मी हात लावला तर चालतो का गं?" अक्षरा म्हणाली, "लावा की."

मग तिनं त्याच संध्याकाळी मराठी ग्रुपवर, पुरुषोत्तमरावांच्या त्या मेसेजखाली, स्वतःचं पूर्ण नाव आणि आईचं माहेरचं नाव लिहिलं. खाली लिहिलं, "काका, हे माझ्याबद्दल आहे. यातलं खरं काय ते मला सांगा." दोन जणांनी तिला फोन केला. एकीनं ग्रुपवरच लिहिलं की अक्षराचं बरोबर आहे, तो मेसेज खोटा आहे, काकांनी काढावा. पुरुषोत्तमरावांनी काही लिहिलं नाही. लिफ्टमध्ये भेटले की ते आता फोन बघतात.

मी नागराजना दर रविवारी विचारतो. ते म्हणतात, पुढच्या मीटिंगला नक्की सार. मी त्यांना ते वाक्य कानडीत आणि इंग्रजीत लिहून दिलं आहे. बोर्डावर टँकरची वेळ आहे, कचऱ्याची सूचना आहे, योगवर्गाची जाहिरात आहे. ते वाक्य अजून लागलेलं नाही.